अक्कांनी राखलेला राजा

अक्का, मंगळवारी सकाळी तुम्ही चूल पेटवलीत, दूध उतरवलंत आणि भिंतीला टेकून बसलात. मी घागर भरून आत आले तेव्हा तुम्ही गेला होतात. डॉक्टर आले, त्यांनी मनगट हातात धरलं आणि खाली ठेवलं. दुपारी तुम्हाला नेलं. संध्याकाळी चूल मी पेटवली.

पुढे तेराव्यापर्यंत माणसं येत होती. तुमच्या माहेराहून, टाकव्याहून भाऊ-भावजया आले, बाजारपेठेतल्या बायका आल्या, रेल्वेच्या चाळीतल्या आल्या. जी ती बसली की म्हणायची, फार सोशिक होती हो. मी मान हलवत होते, कारण अशा वेळी वाद घालायचा नसतो. मनात मात्र प्रत्येकीला उत्तर देत होते. सोशिक माणूस मार खातो आणि गप्प बसतो. तुम्ही गप्प बसायचात हे खरं, पण मार कधी खाल्लात? अंगावर येणाऱ्याला तुम्ही येऊ द्यायचात आणि तो दमला की त्याचं एकेक काढून घ्यायचात. बायका ज्याला सोसणं म्हणत होत्या त्याला मी राखणं म्हणेन. एवढं तरी मला लिहून ठेवलं पाहिजे. शिवाय आपल्या दोघींचा एक वाद अर्धा राहिला होता. त्यातली एक गोष्ट तुम्ही गेल्यानंतर मला कळली. ती तुम्हाला सांगायची आहे.

मी लोणावळ्याच्या या घरात आले तेव्हा तुम्ही इथल्या जुन्या झाला होतात. तुम्ही थोरली सून, मी धाकटी. सासूबाई आधीच गेलेल्या. माझे वडील वडगावला शाळामास्तर होते, त्यामुळे मी सातवीची फायनल पास झाले होते, आणि माझ्याबद्दल तुम्हाला एवढंच ठाऊक होतं. पहिल्याच आठवड्यात गुळाच्या पुड्याचा कागद चुलीत टाकण्याआधी मी वाचत उभी राहिले आणि आमटी उतू गेली. तुम्ही चूल पुसलीत आणि म्हणालात, "मास्तरीण, कागदात काय लिवलंय ते आमाला बी सांग. म्हंजी आमटी गेली त्याचं काय वाटायचं न्हाई." तेव्हापासून मी मास्तरीण. खरोखरची व्हायला पुढे किती काय करावं लागलं ते आपल्या दोघींनाच माहीत.

वाचता तुम्हालाही येत होतं, पण गोष्टींची पुस्तकं तुम्हाला आवडत नसत. गोष्टीत माणसं उगाच रडतात म्हणायचात. तुम्हाला आवडायचं ते बुद्धिबळ. ते तुम्ही माहेरी शिकलात. आंदर मावळात लावणी उरकली की नदीला पाणी असतं, वाटा बंद असतात आणि माणसं जिथल्या तिथे अडकून पडतात. एका वर्षी तुमच्या आबांचा खेळातला जोडीदार पलीकडच्या तीरावर राहिला, तेव्हा आबांनी पटापुढे मुलीला बसवलं. पाणी ओसरलं तोवर मुलगी बापाला हरवू लागली होती. हे तुम्हीच सांगायचात, आणि दर वेळी सांगताना पाणी थोडं लवकर ओसरायचं.

दुपारी भांडी झाली की आपण स्वयंपाकघरात एक पाट उलटा टाकायचो. त्याच्या पाठीवर तुम्ही कोळशाने घरं आखली होती. राजा सुपारीचा, वजीर हळकुंडाचा, हत्ती म्हणजे बिब्बे, आणि बाकीची मोहरी डब्यांत जे सापडेल त्याची. तुमची प्यादी चिंचोके होती, माझी फुटाणे. माझं प्यादं मारलं की तुम्ही ते खाऊन टाकायचात. एकदा दुसरा डाव मांडायला घेतला तर माझ्याकडे प्यादीच नाहीत. मी तक्रार केली तेव्हा तुम्ही शांतपणे म्हणालात की फौज नीट राखली असतीस तर मी उपाशी राहिले असते.

खरा पट ओटीवर असायचा, मामंजींचा. लाल कापडावर शिवलेली घरं, लाकडी मोहरी. मामंजी तेव्हा घाटातल्या रेल्वेच्या लाइनीवर मुकादम होते. विजेची इंजिनं अजून आली नव्हती. घाट चढणाऱ्या गाडीला पुढे एक इंजिन आणि मागून ढकलायला दुसरं, वर सगळीकडे धूर. मामंजींचं खेळणं तसंच होतं. तिसऱ्या-चौथ्या खेळीला वजीर बाहेर, त्याच्या मागे घोडा, आणि लगेच शह. आपल्याकडच्या खेळात राजाला सबंध डावात एकदा घोड्यासारखी अडीच घरांची उडी मारता येते, पण तोवर त्याला एकही शह बसलेला नसला पाहिजे. एक शह बसला की उडी गेली ती गेलीच. मामंजींचा पहिला शह ही उडी घालवण्यासाठीच असे. मग ते उंट बळी द्यायचे, हत्ती बळी द्यायचे, मोहरं पटावर आपटायचे आणि समोरच्याला विचारायचे की आता कुठं पळतोस. समोरचा खरंच पळायला लागायचा. स्टेशनातले बाबू, बाजारातले व्यापारी, पुण्याहून हवा खायला आलेले वकील, सगळे त्यांच्यापुढे असे पळालेले. शिवाय मामंजींना साधी मात गोड लागत नसे. शेवटचा शह प्याद्याने द्यायचा आणि तो देणार हे आधी सगळ्यांना सांगायचं. अशी प्यादेमात झालेला माणूस बरेच दिवस आमच्या गल्लीतून जात नसे.

जेवताना ते घाटातल्या हकिकती सांगत. उताराला ब्रेक सुटलेल्या गाडीला अडवायला कुणी पुढे उभं राहत नाही, तिला बाजूच्या रुळावर घेतात, आणि तो रूळ डोंगराच्या अंगावर चढत गेलेला असतो. गाडी जोरात चढते, मग हळू होते, मग थांबते. कॅच सायडिंग म्हणत ते त्याला. ही हकिकत आम्ही सगळ्यांनी अनेकदा ऐकली होती. एके दिवशी मात्र तुम्ही भाकरी थापता थापता हात थांबवून ऐकलीत. दुसऱ्या दुपारी पाट टाकून मला म्हणालात, "आज मी मामंजी आन तू मी. मी सुटल्याली गाडी. मला अडवायचं न्हाई, चढाला घ्यायचं."

मग कित्येक महिने तुम्ही मामंजी होतात. पदर खोचून, आवाज घोगरा करून, सुपारी-बिब्बे आपटत माझ्या अंगावर यायचात. मी घाबरून राजापुढची प्यादी हलवली की मनगटावर चापट बसायची. दिलेलं मोहरं खुशाल घ्यायचं, पण ते उराशी धरून बसायचं नाही. वेळ आली की तेच परत देऊन हल्ल्यातला एक गडी काढून घ्यायचा. कुणी अंगावर आला की आपल्या राजाकडे बघत बसायचं नाही, येणाऱ्याच्या मागे जोर कुणाचा आहे ते बघायचं. जमेल तिथे त्याच्या वजिरासमोर आपला वजीर नेऊन उभा करायचा, कारण मारायला निघालेल्याला स्वतःचा वजीर देववत नाही, तो मागे घेतो आणि त्याचा वेग जातो. उडी मात्र शेवटपर्यंत राखायची. भित्री माणसं ती सुरुवातीलाच मारून मोकळी होतात आणि नव्या घरात अडकतात, असं तुम्ही म्हणायचात. मी शाळेत भूमिती शिकले होते, पण विचार कसा करायचा ते त्या उलट्या पाटावर शिकले.

हे सगळं कशासाठी, असं मी एकदा विचारलं. तेव्हा तुम्ही लग्नाची गोष्ट सांगितलीत. मांडवात वऱ्हाड जेवून पसरलं असताना मामंजींनी व्याह्यांना पटावर बोलावलं. आबांचा खेळ संथ. पहिल्याच शहाला ते बिचकले, राजापुढची प्यादी एकामागून एक पुढे काढत गेले, आणि दोन्हीकडच्या पाहुण्यांसमोर मामंजींनी त्यांना सांगून प्यादेमात केली. वऱ्हाड हसलं. आबाही हसले. तुम्ही मुंडावळ्या बांधून दाराआडून बघत होतात. "आबा हसलं ते मला लय लागलं," एवढंच म्हणालात आणि माझा फुटाणा मारलात.

माझी गोष्ट सगळ्या घराला माहीत होती. मला पुण्याला मुलींच्या ट्रेनिंग कॉलेजात जायचं होतं. दोन वर्षं वसतिगृहात राहायचं, मग शाळेत नोकरी. यांची ना नव्हती, पण हे वडिलांपुढे बोलायचे नाहीत. मामंजी वाईट नव्हते. सून दोन वर्षं परगावी एकटी राहणार म्हणजे चाळीत काय बोलतील, एवढंच त्यांचं म्हणणं, आणि ते त्यांनी एकदा सांगितलं म्हणजे संपलं. मी विषय सोडून दिला होता. तुम्ही सोडला नव्हतात.

आपल्या घरची एक रीत होती. दिवाळीच्या पाडव्याला दुपारी मामंजी ओटीवर पट मांडत. जो हरवील त्याने त्यांच्याकडे एक गोष्ट मागायची आणि ती त्यांनी द्यायची. आधी एकदा पार्सल ऑफिसातल्या एका बाबूने जिंकून परसातल्या कलमी आंब्याचं रोप मागितलं होतं, आणि मामंजींनी स्वतः खणून त्याच्या दारात लावून दिलं. शब्दाला ते पक्के होते. हरत नसत एवढंच.

मी म्हटलं, मीच खेळते, मागणं माझं आहे. तुम्ही नको म्हणालात. तुला पाहिजे म्हणून तुझा हात कापणार, मला काही नको म्हणून माझा कापणार नाही, हे तुमचं कारण. मला ते पटलं नाही, पण तुमच्यापुढे चाललं नाही.

पाडव्याला दोन-तीन डाव झाले, नेहमीसारखी माणसं हरली. ओटीवर गर्दी होती. तुम्ही हात पुसत बाहेर आलात आणि मी बसू का, म्हणून विचारलंत. थोरल्या भावजींनी मान खाली घातली. मामंजी मात्र खूश झाले. बस की, म्हणाले, पण आधी वेणीफणी करून घे, हरल्यावर तोंड उतरायचं आहे. लोक हसले. तुम्ही बसलात. मी दाराच्या आत, चौकटीला धरून उभी.

तो डाव मला अजून पाठ आहे. मामंजींनी वजीर काढला, घोडा काढला, शहासाठी वाट शोधू लागले, आणि वाट सापडेना. राजापुढचं एक प्यादंही तुम्ही हलवलं नव्हतं. त्यांनी उंट फेकला. तुम्ही तो घेतलात आणि थोड्या वेळाने आपला हत्ती देऊन त्यांचा दुसरा उंट आणि एक घोडा काढून घेतलात. ओटीवरचे लोक बोलायचे थांबले. मामंजी मात्र थांबत नव्हते. एक प्यादं पुढे पुढे रेटत त्यांनी तुमच्या राजाच्या जवळ आणलं. राजा आपल्याच मोहऱ्यांमध्ये कोंडलेला दिसत होता. प्यादं आणखी एक घर पुढे आलं की संपलं. मामंजी लोकांकडे वळले. "थोरलीला प्यादेमात," म्हणाले.

प्याद्याला मागून जोर हवा होता, म्हणून त्यांनी हत्ती ओढून त्याच्या मागे आणला. मागचं इंजिन लागलं. पुढच्या खेळीला मात.

तुम्ही राजा उचललात. अडीच घरं मोजलीत आणि त्याला कोंडीबाहेर ठेवलंत. त्याला अजून एकही शह बसलेला नव्हता. ज्या घरावर त्यांनी सगळी फौज रोखली होती, ते घर रिकामं झालं. मामंजी त्या रिकाम्या घराकडे बघत राहिले. हत्ती हलवल्यामुळे त्यांच्या स्वतःच्या राजाची बाजू उघडी पडली होती. तुम्ही आधी ते प्यादं मारलंत आणि मांडीपाशी ठेवलंत. मग वजिरासमोर वजीर नेलात, त्यांनी मागे घेतला. मग त्यांचा उरलेला घोडा घेतलात. मग आपल्या राहिलेल्या हत्तीने मात केलीत, साधी, न सांगता.

कुणी टाळी वाजवली नाही. मामंजींनी पगडी काढून बाजूला ठेवली आणि काय पाहिजे, म्हणून विचारलं.

"धाकटीला पुण्याला धाडा, शिकायला."

"आन तुला सोताला?"

"मला घावलं."

तुम्हाला काय घावलं ते ओटीवरच्या कुणाला कळलं नसेल. मला कळलं. पण मला एक कळलं नाही. इतक्या वर्षांत तुम्हाला स्वतःसाठी मागावंसं वाटलेलं काहीतरी असेलच. एकच मागणं मिळतं, आणि ते तुम्ही माझ्यावर खर्च केलंत. नाहीतर काय मागितलं असतंत, हे मी कधी विचारलं नाही. आधी संकोच होता, पुढे वाटलं की विचारू कधीतरी. आता विचारायला तुम्ही नाही.

पुण्याची दोन वर्षं झाली. तिथे एका बाईंकडे विलायती नियमांचं बुद्धिबळ पाहिलं. त्यात राजा हत्तीच्या आड जाऊन बसतो. सुट्टीत मी ते तुम्हाला मोठ्या उत्साहाने सांगितलं. तुम्ही ऐकून घेतलंत आणि म्हणालात, साहेबाचा राजा म्हणून घरात कडी लावून बसतो, आपल्याला कडी कुठली. तेव्हा मी चिडले होते. आता वर्गात हे आठवतं आणि मला मध्येच हसू येतं. मुली एकमेकींकडे बघतात.

पहिली नेमणूक टाकव्याला झाली, तुमच्या माहेरी. मी तुमच्या आबांच्या घरी राहिले. हेही तुम्हीच जमवलं होतंत. पहिल्या संध्याकाळी आबांनी जेवण होऊ दिलं आणि पट माझ्यापुढे सरकवला. पाडव्याचा डाव मांडून दाखव म्हणाले. मी दाखवला. त्यांनी पुन्हा मांडायला लावला, मग पुन्हा. राजाच्या उडीपाशी आलो की ते मला थांबवायचे आणि माझा हात बाजूला करून ती उडी स्वतः मारायचे. शेवटी म्हणाले, "मांडवात माझी उडी पयल्याच शहाला गेली. पोरीनं राखली." आणि हसले. तुम्हाला जे हसू लागलं होतं ते हे नव्हे अक्का. हे तुम्ही बघायला हवं होतंत. मी सांगितलं होतं तुम्हाला, पण माझं सांगणं पुस्तकी, त्यात ते आलं नसेल.

त्याच गावात एक गृहस्थ शाळेच्या दारात येऊन ओरडू लागले. मुलींना अक्षरं शिकवून गावाचं वाटोळं करायला ही बाई आली आहे, वगैरे. मी राजाकडे बघायचं सोडलं आणि मागे जोर कुणाचा आहे ते बघितलं. मागे कुणी नव्हतं, चार माणसं नुसती गंमत बघत उभी होती. मी त्या गृहस्थांना बसायला घोंगडी टाकली, पाणी दिलं आणि बोलू दिलं. ते बोलत गेले, चढत गेले, हळू झाले आणि थांबले. मग मी त्यांच्या मुलीची पाटी त्यांना दाखवली. पुढच्या आठवड्यात ते धाकटीलाही घेऊन आले. ही हकिकत सांगितली तेव्हा तुम्ही एवढ्या जोरात हसलात की ओटीवरून मामंजींनी काय झालं म्हणून विचारलं.

आता तो वाद.

बदली होऊन मी लोणावळ्यात परत आले, त्या उन्हाळ्यातली गोष्ट. कैऱ्या चिरताना मी सहज बोलून गेले. मला कधी कधी वाटतं, मामंजींनी तो डाव सोडला असेल. हत्ती ओढण्याऐवजी घोड्याने शह दिला असता तर तुमची उडी तिथेच गेली असती. एवढा मोठा खेळाडू, त्याला तो शह दिसला नाही? शब्द फिरवायचा तर मोठेपणा जातो, म्हणून त्यांनी हरून मला पाठवलं असेल.

तुमची विळी थांबली. "तुज्या पुस्तकात हरणारा दर वेळेला मनानं मोठा असतो का गं, मास्तरीण?" म्हणालात. मग म्हणालात की त्यांना तो शह दिसला होता, पण सगळ्यांसमोर प्यादेमात सांगून बसले होते, नाक वर होतं, म्हणून नाही दिला. आणि दिला असता तरी मी हरले नसते. मी म्हटलं, ते कसं? तुम्ही सांगितलं नाहीत. चार दिवस माझ्याशी बोलला नाहीत. जेवायला वाढत होतात, तूपही घालत होतात, पण बोलणं बंद. पुढे बोलायला लागलात, तरी त्या प्रश्नापाशी आलो की दर वर्षी आपण तिथेच अडायचो. तो शह आला असता तर काय केलं असतंत, हे तुम्ही शेवटपर्यंत सांगितलं नाहीत. तू हुडक, म्हणायचात.

तेराव्यानंतर पाहुणे गेले आणि घर एकदम मोठं वाटू लागलं. मामंजी आता फारच थकले आहेत. डोळ्यांत मोतीबिंदू, मोहरं हाताने चाचपून ओळखतात. दिवे लागायच्या सुमाराला त्यांनी मला हाक मारली आणि पट आणायला सांगितलं. मला वाटलं, मन रमवायचं असेल. त्यांनी एकेक मोहरं चाचपून ठेवायला सुरुवात केली. डावाची सुरुवात नव्हती ती. अर्ध्यावरचा डाव होता. तुमचा कोंडलेला राजा, पुढे आलेलं ते प्यादं, हत्ती अजून आपल्या जागी. सगळं त्यांनी एकही चूक न करता मांडलं. मग म्हणाले, "तितं बस. तिच्या बाजूला."

मी तुमच्या बाजूला बसले.

त्यांनी हत्तीला हात लावला नाही. घोडा उचलला आणि आपटला. शह. उडी गेली.

मी राजा बाजूच्या एकुलत्या एका घरात घेतला. लगेच वजीर आला, राजाशेजारच्या घरावर रोखून. पुढच्या खेळीला मात दिसत होती. मामंजींचा चेहरा पाडव्याला होता तसा झाला होता. मला पळावंसं वाटलं, एखादं प्यादं हलवावंसं वाटलं. मग मी राजाकडे बघणं सोडलं आणि वजिराच्या मागे बघितलं. मागे जोर एकट्या घोड्याचा होता, आणि तुमचा उंट बिनकामाचा वाटत होता तो त्याच घोड्यावर रोखलेला होता. पाडव्यापासून तिथेच होता. मी कधी त्याच्याकडे नीट बघितलंच नव्हतं.

मी उंटाने घोडा मारला. त्यांनी हत्तीने उंट घेतला, पण वजिराच्या मागचं इंजिन निघून गेलं होतं. आता वजीर पुढे आला असता तर राजाच्याच तोंडात गेला असता. मी त्याच्यासमोर तुमचा वजीर नेऊन ठेवला. त्यांनी मागे घेतला. एक हत्ती फेकला, मी घेतला. मग त्यांची बोटं पटावर फिरत राहिली, इकडून तिकडे, आणि कुठेच थांबली नाहीत.

"हितं बी न्हाई," ते म्हणाले.

तेव्हा मी विचारलं. इतकी वर्षं ज्यावरून तुमच्याशी भांडत आले, ते त्यांना विचारायचं धाडस झालं नव्हतं. "मामंजी, तेव्हा तुम्ही डाव सोडला होता का?"

त्यांना राग आला. "कुनी सोडला? सोडायचा असता तर तुला तशीच न्हाई धाडली? तवापासून हुडकतोय कुटं चुकलो ते. प्यादेमातीच्या नादात शह दिला न्हाई, तितं चुकलो असं वाटायचं. आज कळलं, तितं बी ती बसलीच व्हती." मग म्हणाले, "तिला सांगाया पायजे व्हतं."

नाही सांगितलं त्यांनी. तुम्ही याच ओटीवर रोज त्यांना चहा नेऊन दिलात, आणि त्यांच्याकडून ते निघालं नाही. म्हणून मी सांगते आहे. डाव तुम्ही जिंकलात अक्का, घोड्याच्या शहानंतरही तुम्हीच जिंकत होतात, आणि आपला वादही तुम्हीच जिंकलात. मला कुणी दयेने पुण्याला पाठवलं नाही. मी तुमच्या खेळावर गेले. एवढी वर्षं मी दुसऱ्याच्या उपकाराचं म्हणून जे थोडं ओझं वाहिलं, ते त्या संध्याकाळी खाली ठेवलं.

शाळा परवा उघडली. माझ्या वर्गात यंदा टाकव्याकडच्या आणि तिकोणा पेठेच्या बाजूच्या मुलीही आहेत, इथे नातेवाइकांकडे राहून शिकतात. मी संध्याकाळी घरी येते, चूल पेटवते, चहा ओटीवर नेते. मामंजी पट मांडून बसलेले असतात, कधी मांडवातला डाव, कधी पाडव्याचा, कधी नवाच एखादा, आणि मला समोर बसवतात. ते तुमच्याशी खेळतात. अजून एकदाही जिंकलेले नाहीत.